लाल औषधाचा हिशोब

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी चिपळूणची. बाजारपेठेत आमचं छोटं महा ई-सेवा केंद्र आहे, म्हणजे सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेशनची केवायसी, आभा कार्ड (सरकारचं डिजिटल आरोग्य खातं), झेरॉक्स, लॅमिनेशन हे सगळं. पत्र लिहायची सवय नाही, गिऱ्हाईक नसेल तेव्हा फोनवरच टाईप करतेय, त्यामुळे चुका असतील त्या तुम्ही सुधारून घ्या. दरवर्षी १५ फेब्रुवारीला म्हणजे जागतिक बालकर्करोग दिनाला पेपरात एक तरी फोटो येतो, टोपी घातलेलं बारीक पोर, बाजूला डॉक्टर, वर हेडिंग 'कॅन्सरवर मात'. बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. माझापण तसला एक फोटो आहे, पेपरात नाही आला पण वॉर्डात काढलेला. पण मात केल्यावर त्या पोराचं पुढे काय झालं ते काही छापून येत नाही, आणि मला त्याबद्दलच लिहायचंय, कारण ते पुढचं आमच्याकडे दहा, पंधरा, वीस वर्षांनी येतं आणि तोपर्यंत डॉक्टर बदललेले असतात, फोन नंबर बदललेला असतो आणि आपण स्वतःच विसरलेलो असतो.

२००९ साल, मी आठवीत. उजव्या गुडघ्याच्या वर दुखायचं. खो-खो खेळताना पडले होते त्यामुळे सगळ्यांना वाटलं मुका मार असेल, दोन महिने तेल चोळून झालं, लेप झाले, एका जाणत्याकडे नेऊन पाय ओढून पण झाला, तरी सूज उतरेना तेव्हा एक्स-रे काढला. हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा. पुढचं वर्ष मुंबईत गेलं, लालबागला काकांची दहा बाय बाराची खोली, त्यात ते चौघं आणि आम्ही तिघं. केमो, मग ऑपरेशन, मांडीच्या हाडाचा खालचा भाग काढून आत धातूचा सांधा बसवला, मग परत केमो. पाय राहिला. २०१० च्या गणपतीला आम्ही घरी आलो आणि आजीने दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

निघताना दवाखान्यात सांगितलं होतं, फाईल जपा. बाबांनी जपली पण. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, पेटी दुकानाच्या माळ्यावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदी दोघी मिळून बाजारपेठेत शिरल्या तेव्हा पाणी त्या पेटीच्याही वर गेलं. चार दिवसांनी चिखल उपसताना पेटी मिळाली, आत सगळ्या कागदांचा लगदा. एक्स-रेच्या फिल्म तेवढ्या राहिल्या, त्यात माझं हाड दिसत होतं पण कोपऱ्यातलं नाव गेलेलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही, अख्खं दुकान गेलं होतं, दोन प्रिंटर, कॉम्प्युटर, लोकांचे ठेवलेले कागद, त्यात कोण जुन्या आजाराची फाईल बघत बसणार. आपण बरे झालोय ना, मग झालं.

२०२३ ला मला दिवस गेले. पाचव्या महिन्यात धाप लागायला लागली. सगळ्या म्हणायच्या होतं गो असं, पहिलटकरीण आहेस. मग रात्री आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, एक उशी, दोन उशा, शेवटी भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. दवाखान्यात मॅडमनी तपासताना मांडीवरचा व्रण बघितला आणि विचारलं, केमोत कुठली औषधं होती? मी म्हटलं, एक लाल होतं. खरंच एवढंच माहीत होतं. बाटली लाल, नळी लाल, नंतर लघवीपण लाल, वॉर्डातली सगळी पोरं त्याला लाल औषधच म्हणायची. दुसरं एक होतं ज्याने उलट्या थांबायच्या नाहीत. दिवसाला शंभर लोकांचे कागद अपलोड करणारी बाई मी, आणि माझाच कागद माझ्याकडे नव्हता.

मॅडम हुशार, त्यांनी रंगावरूनच ओळखलं. डॉक्सोरुबिसिन. हे औषध कॅन्सरच्या पेशी मारतं तसंच हृदयाच्या स्नायूलाही इजा करतं, आणि ती इजा कधीकधी लगेच दिसत नाही, वर्षानुवर्षं गप्प राहते आणि हृदयावर जादा भार आला की वर येते. बाळंतपण हा असाच भार, कारण पोटात पोर असताना रक्त वाढतं आणि हृदयाला जास्त पंप करायला लागतं. त्याच दिवशी टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर हृदयाचं पंपिंग ४२ टक्के, जे पंचावन्नच्या आसपास किंवा वर पाहिजे. मग मॅडमनी विचारलं की एकूण डोस किती गेला होता, कारण त्यावरून पुढचं बरंच ठरतं. आता तो कुठून आणायचा? दवाखान्यात फोन केला तर ते म्हणाले फाईल नंबर सांगा, नुसत्या नावावरून २००९ चं काही शोधता येणार नाही. त्यांचंही बरोबर असेल, माझ्या नावाच्या आणि आडनावाच्या रत्नागिरी जिल्ह्यातच पन्नास मुली निघतील.

फाईल नंबर काकीने दिला. तिला फोन केला तर ती म्हणाली, अगो तो आकडा ना, तो फळीवर आहे बघ तांदळाच्या डब्याखाली. तर झालं असं की काका तेव्हा माझ्या केमोच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे आणि वर मोठ्या अक्षरात फाईल नंबर, म्हणजे घाईत कोणालाही मिळावा. वर्ष संपल्यावर काकीने कॅलेंडर टाकलं नाही, पानं कापून स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरली. चौदा वर्षं त्या नंबरावर डबे होते. तिच्या मुलाने फोटो काढून व्हॉट्सॲप केला, त्या नंबरावर रेकॉर्ड निघालं आणि डोसाची बेरीज झाली. हा डोस शरीराच्या आकारमानावर मोजतात, इतके मिलीग्रॅम दर चौरस मीटर, आणि आयुष्यभराची बेरीज २५० च्या वर गेली की हृदयाच्या बाबतीत तो माणूस जास्त धोक्याच्या गटात येतो. माझी साडेतीनशेच्या पुढे निघाली.

अशा माणसाने काही त्रास नसला, अगदी ठणठणीत असला, तरी दर २ वर्षांनी इको करायचा असतो, आणि बाईने तर दिवस राहायच्या आधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत करायचाच. हे काही गुपित नाही. अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या मार्गदर्शक सूचना इंटरनेटवर फुकट आहेत, त्यात औषधावार लिहिलंय कोणी काय तपासायचं आणि किती वर्षांनी. मी २०१० ते २०२३ एकही इको केला नव्हता. पहिली पाच वर्षं पायाच्या आणि छातीच्या एक्स-रेला जायचो, मग म्हणाले आता यायची गरज नाही, आम्ही पेढे वाटले. हृदयाचं कोणी सांगितलंच नाही की सांगितलं आणि बाबांच्या डोक्यात राहिलं नाही, ते आता कळणार नाही, बाबा पण राहिले नाहीत. त्यामुळे मी कोणावर राग काढत नाही, पण तेरा वर्षं हातात फोन होता आणि त्या फोनवर मला गॅस सिलिंडरचा, लाईट बिलाचा, रिचार्ज संपल्याचा मेसेज अगदी वेळेवर येत होता हे मात्र डोक्यातून जात नाही.

मुलगी छान झाली, दोन किलो तीनशे, मोठ्या दवाखान्यात हृदयाचे डॉक्टर शेजारी उभे राहून बाळंतपण झालं. मी गोळ्यांवर आहे, पंपिंग थोडं सुधारलंय. दुकान चालवते.

आता दुकानामुळे म्हणा की तोंडाने बडबडी म्हणून म्हणा, माझ्यासारखी तीन जणं मला या पट्ट्यात भेटली आणि तिघांची तीन तऱ्हा. मालवणकडचा एक मुलगा, कॉलेजात असताना हॉजकिन्स लिंफोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर झालेला, एबीव्हीडी नावाची केमो घेऊन बरा झाला आणि तारकर्लीला स्कूबावाल्यांकडे कामाला लागणार होता, ट्रेनिंगचा फॉर्म भरायला मदत हवी म्हणून ओळखीतून माझ्याकडे त्याचा फोन आला. फॉर्ममध्ये जुन्या आजाराचा रकाना होता, तो म्हणाला नाही लिहू का? मी म्हटलं थांब, आधी औषधांची नावं पाठव. एबीव्हीडीतला बी म्हणजे ब्लिओमायसिन, ते फुप्फुसाला त्रास देतं आणि ते घेतलेल्या माणसाने फुप्फुसाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय स्कूबा करायचं नसतं, कारण खोल पाण्यात दाबाखाली ऑक्सिजन जास्त जातो आणि तो बाधू शकतो. उद्या साधं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तरी भूल देणाऱ्या डॉक्टरला हे सांगायला लागतं. तो पोरगा समुद्राकाठी वाढलेला, दुसरं काम इथे काय, आणि त्याला हे एका ई-सेवा केंद्रवालीने सांगावं?

दुसरी देवगडकडची मुलगी. तिला तर माहीतच नव्हतं की तिला कॅन्सर झाला होता. सहा वर्षांची असताना ब्लड कॅन्सर, तीनेक वर्षं औषधं, आणि घरच्यांनी सांगितलं की रक्तात पाणी झालं होतं. आता वीस वर्षांची झाली, नर्सिंगला गेली, तिथे लसीच्या नोंदींवरून विषय निघाला आणि मग घरात रडारड. आई म्हणते तुझ्या लग्नासाठीच लपवलं. आईला मी काय बोलणार. पण म्हणजे फॉलोअपचे मेसेज आलेच असते तर ते वडिलांच्या नंबरवर आले असते आणि वडिलांनी ते डिलीट केले असते, हेही धरून चालायला पाहिजे.

तिसरा गुहागरचा, लहानपणी मेंदूत गाठ, ऑपरेशन आणि डोक्याला रेडिएशन. मुलगा समजूतदार, बोलायला गोड, पण सगळं सावकाश. डोक्याच्या रेडिएशननंतर काही मुलांचा विचार करायचा वेग आणि लक्षात ठेवणं कमी होतं, उंची वाढवणारं हॉर्मोन आणि थायरॉईडपण कमी पडू शकतं. तो माझ्यासमोर बसून ऑनलाईन फॉर्म भरत होता, ओटीपी आला, त्याने वाचला, फोन खाली ठेवला, आकडे टाकायला लागला आणि टाइम आऊट. परत ओटीपी, परत टाइम आऊट. चौथ्या वेळी तो उठून गेला. ज्यांच्यासाठी आपण डिजिटल सोय करू म्हणतो ती माणसं अशीपण आहेत.

आणि माझे कान. उलट्या करणारं ते दुसरं औषध म्हणजे सिस्प्लॅटिन, ते कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मारतं, त्या परत येत नाहीत आणि आधी जातात ते वरच्या पट्टीचे आवाज. मला कित्येक वर्षं वाटायचं आमच्याकडे रातकिडे कमी झालेत. पावसाळ्यात संध्याकाळी अख्खं कोकण किर्र करतं आणि मी म्हणायचे, पूर्वीसारखे ओरडत नाहीत हो. नवऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो म्हणाला अगं आत्ता ओरडतायत, कान फुटतील इतके. तेव्हा कळलं. समोर बसून बोललात तर मला सगळं समजतं पण फोनवर स, श, च ही अक्षरं गळतात, सहा की दहा कळत नाही. मग कोणी चांगल्या मनाने म्हणतं की कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांसाठी हेल्पलाईन काढू, फोन करा. अहो फोनवर मला ऐकू कमी येतं ते तुमच्या औषधानेच. मला लिहून उत्तर द्या. व्हिडिओवर बोलायचं तर खाली मराठी अक्षरं उमटू द्या.

काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. टाटा मेमोरियलला १९९१ पासून ट्रीटमेंट संपलेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी आहे, ॲक्ट क्लिनिक म्हणतात तिला, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली २००९ पासून 'उगम' नावाचा गट आहे, लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या तरुण मुलामुलींनी एकमेकांना धरून ठेवणारा. मला हे गरोदरपणानंतर कळलं. अमेरिकेत बेलर मेडिकल कॉलेजवाल्यांनी 'पासपोर्ट फॉर केअर' म्हणून ऑनलाईन सोय केलीय, डॉक्टर त्यात औषधं, डोस, रेडिएशन भरतो आणि त्या माणसाने आयुष्यभर काय काय तपासायचं त्याची यादी बाहेर पडते. युरोपात तसाच 'सर्व्हायव्हरशिप पासपोर्ट' आहे. बघितलं तर त्यात आकाशातलं काही नाही, सातबारासारखाच उतारा आहे तो, जमिनीचा नाही तर शरीराचा. कुठे काय पेरलं, किती, कुठल्या साली.

तेवढा उतारा हवाय. ट्रीटमेंट संपते त्या दिवशी हातात एक पान, औषधांची नावं आणि एकूण डोस इंग्रजीत म्हणजे कुठलाही डॉक्टर वाचेल, आणि खाली मराठीत साध्या भाषेत की याच्यामुळे पुढे हे होऊ शकतं, हे अमुक वर्षांनी तपासा, लग्न झालं आणि मूल हवं असेल तर आधी हे करा. तेच पान डिजिटल, आभाला जोडलेलं. इथे एक गोष्ट सांगते जी लोकांना माहीत नसते, आभा कार्ड काढलं म्हणजे तुमचे जुने रिपोर्ट आपोआप आत जात नाहीत. मी शेकड्याने कार्डं काढून दिलीत, बहुतेकांचा तो १४ आकडी नंबर म्हणजे रिकामी पेटी आहे. दवाखान्याने जोडले तर जातात किंवा आपण फोटो काढून टाकले तर. मी माझं पान तिथे टाकलंय, डिजीलॉकरमध्ये टाकलंय, नवऱ्याच्या आणि काकीच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर टाकलंय, आणि एक लॅमिनेट करून देवघराच्या मागे, कारण पुरात नेट पण गेलं होतं.

ॲप काढू म्हणाल तर धंद्याने ऑनलाईनवाली असून माझ्या पोटात गोळा येतो. लाडकी बहीणच्या फॉर्मच्या वेळी २०२४ ला आम्ही रात्री दोन वाजता उठून बसायचो, तेव्हा सर्व्हर जरा चालायचा. लोकांचे फोन मेमरी भरलेले, नवं ॲप टाकायचं तर लग्नाचे फोटो डिलीट करायला लागतात. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडची पोरं रेंजसाठी डोंगरावर जाऊन शिकत होती ते तुमच्याच पेपरांनी छापलंय, आणि अजून खाडीपट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांत पावसात लाईट गेली की टॉवर पण गेला. त्यामुळे साधा एसएमएस बरा. दोन नंबरांवर जाऊदे, एक घरच्यांचा, एक मुलाचा, आणि मूल अठराचं झालं की दवाखान्याने त्याला स्वतःला बोलावून ते पान त्याच्या हातात द्यावं, आईवडिलांसमोर किंवा एकट्याला, त्याला हवं तसं. मेसेजला उत्तर लिहिलं तर पलीकडे माणूस असावा, मशीन नको. एक नर्स, दोन मुलं ज्यांनी स्वतः हे भोगलंय, एवढ्यांनी पण पुष्कळ होईल. भीती वाटते तेव्हा ती रात्री अकरानंतर वाटते, आणि तेव्हा माणूस गूगल करतो, तिथे जे मिळतं त्याने झोप उडते. मीपण वाचलं होतं, अमेरिकेतल्या सेंट ज्यूड हॉस्पिटलचा २०१३ चा अभ्यास, लहानपणी कॅन्सर झालेल्यांपैकी ४५ वर्षांपर्यंत ९५ टक्के लोकांना काही ना काही दीर्घ आजार. दोन दिवस जेवले नाही. मग कोणीतरी समजावलं की त्यातले पुष्कळ जण जुन्या काळच्या, जास्त रेडिएशनच्या ट्रीटमेंटचे होते आणि त्या आकड्यात कान कमी होण्यापासून सगळं मोजलंय. हे समजावणारं माणूस फोनमध्ये पाहिजे, आकडा नव्हे.

आणि आमच्याकडचे डॉक्टर त्यात ओढा. माझी विनंती सरळ आहे, ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, रत्नागिरीला झालं, तिथे महिन्यातून एक दिवस अशी ओपीडी ठेवा की लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांनी यावं, इको आणि रक्त तिथेच व्हावं, कानाची तपासणी व्हावी आणि मुंबईचे तज्ज्ञ व्हिडिओवर असावेत. ई-संजीवनीवर एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला विचारायची सोय सरकारनेच केलेली आहे, रस्ता आहे, गाडी सोडायची बाकी आहे. आज सावंतवाडीच्या मुलाने नुसत्या इकोसाठी आणि पाच मिनिटांच्या बोलण्यासाठी तुतारी एक्सप्रेसने दादर गाठायचं, रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला तपासणीसाठीही सवलत देते, स्लीपरला तिकीट पूर्ण माफ असतं, पण दोन दिवसांचा रोज कोण देणार, आणि मुंबईत खोली असलेले काका आता सगळ्यांना कुठे उरलेत. बरेच चाकरमानी विरार, नालासोपारा, बदलापूरला गेले. म्हणून मग दर २ वर्षांचं पुढच्या वर्षीवर जातं आणि पुढच्या वर्षी आंब्याचा सीझन असतो.

एक काळजी पण लिहिते. हे सगळं ऑनलाईन गेलं की फुटायची भीती. आमचं गाव लहान आहे. माझ्याच दुकानात लोक आधारची झेरॉक्स विसरून जातात, ती कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. मेसेजवर 'कॅन्सर' हा शब्दच असू नये, फोन सासू बघते, मुकादम बघतो. 'तुमच्या तपासणीची वेळ झाली' एवढं पुरे. आणि बघायची परवानगी त्या मुलाच्या हातात, द्यायची तर दिली, काढायची तर काढली. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे म्हणतात, पण कायदा आमच्या वाडीतल्या तोंडांना लागू होत नाही.

याच कारणासाठी माझं नाव छापू नये. मला माझी लाज नाही, पण धाकट्या भावाचं जमवतोय आणि एका ठिकाणाहून नुसता व्रणाचा विषय निघून नकार आलाय. आनुवंशिक काही नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, तो कागदपण लॅमिनेट केलाय, पण तो दाखवत फिरायचा का?

जागा कमी पडली तर काकीचं, रातकिड्यांचं, माझ्या घरचं सगळं कापा. दर २ वर्षांच्या इकोची ओळ तेवढी ठेवा, आणि लाल औषध कशाला म्हणतात ती. मालवणच्या त्या पोराची फुप्फुसाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, फॉर्म अजून माझ्याकडे ड्राफ्टमध्ये पडलाय, जुन्या आजाराचा रकाना रिकामा ठेवून. गिऱ्हाईक आलं, थांबते.

आपली,
एक वाचक, चिपळूण